विमलबाईंचा खडू आणि हळदीचं पोतं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी विमलबाईंचं नाव सांगतो. आणि सगळ्यांत जास्त ओरखडे कुणाचे, असं विचारलं तर विमलबाईंच्या बोक्याचं.

उपकार आधी सांगतो. आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन निघायचा, आणि सातवीनंतर मीही त्याच्या मागं निघणार हे ठरलेलंच होतं. तेव्हा आमच्या शाळेतल्या विमलबाई ढेकळं तुडवत कळप बसला होता त्या शिवारात आल्या आणि बापाला म्हणाल्या, "बाकीची मेंढरं तुम्ही सांभाळा. हे एक मला द्या." बापानं दिलं. त्या एका वाक्यावर मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. आज मी नोकरीला आहे आणि डोंगरकडा या आमच्या गावात स्वतःच्या खुर्चीवर बसून हे लिहितो आहे. बाई आता निवृत्त आहेत, पण जुन्या विद्यार्थ्यांकडून पत्रं मागवतात, लाल शाईनं तपासतात, दहापैकी गुण देतात आणि परत पाठवतात. (मला आजवर साडेसहाच्या वर मिळालेले नाहीत.)

आता बोका. पांढराशुभ्र, अंगावर एक ठिपका नाही. म्हणून बाईंनी त्याचं नाव ठेवलं खडू. बाई व्हरांड्यात वही तपासत बसल्या की खडू त्यांच्या पायाशी असा पडायचा, जणू कुणीतरी फळा पुसून त्याला तिथं ठेवून गेलंय.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नांदेडला, लेकीकडं राहून. तीन वर्षं त्या "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होत्या, आणि आता त्यांचा चहा कपात न पडता कपाशेजारी पडत होता. सामान भरलं, गाडी दारात आली, आणि नेमकं त्याच सकाळी खडूनं कान खाजवून खाजवून रक्त काढलं! जनावरांचे डॉक्टर बघून गेले. दहा दिवस रोज दोन वेळा कानात थेंब, एकदा अर्धी गोळी, आणि सगळ्यात आधी नखं कापा, नाहीतर कान भरून येणार नाही.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "मग मी जात नाही. याचं कोण करणार?"

मी पुढं झालो. "बाई, तुम्ही जा. मी करतो."

"तुला जमेल?"

"बाई, आमचं घर मेंढरांचं हाय!"

या वाक्याचा मला पुढं दहा दिवस पश्चात्ताप झाला.

घरी आल्यावर आईनं खडूकडं बघितलं आणि हसली. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात शेकडो मेंढरांना दवा पाजलाय. मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचं, एका हातानं जबडा उघडायचा, दुसऱ्या हातानं दवा ओतायचा, की झालं.

"आई, हे मांजर हाय," बायको रेखा म्हणाली.

"मंग? त्याला काय सहा पाय हायेत?" आई म्हणाली आणि खडूला गुडघ्यांत धरलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. स्वप्नात आठवावं तसं तुकड्यातुकड्यानं आठवतं. आईचा पदर हवेत. गोळी हवेत. मग सगळं शांत, आणि खडू कपाटावर बसून पंजा चाटतोय, आणि आई जमिनीवर बसून म्हणतेय, "मेंढरू लई गरीब जनावर हो."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. "अहो, मांजराची पिशवी असते! त्याला आत घालायचं, गळ्याशी नाडी आवळायची, मुंडकं बाहेर. बाजूला भोकं असतात. त्यातून एकेक पंजा बाहेर काढायचा, नख कापायचं, पंजा परत आत. शहरात तयार मिळते."

"आणि इथं?"

"इथं पोतं मिळतं," डॉक्टर म्हणाले आणि एका म्हशीकडं निघून गेले.

आईनं माळ्यावरून पोतं काढलं. हळदीचं. दर वर्षी वाळवलेली हळद भरून भरून ते इतकं मऊ झालं होतं की गालाला लावावं. झटकलं तर खोलीभर सोनेरी धूळ उडाली आणि खिडकीतून आलेल्या उन्हात कितीतरी वेळ तरंगत राहिली. आम्ही तिघंही जरा वेळ ती बघतच बसलो.

"धुऊन घेऊ का?" रेखानं विचारलं.

"काहून धुवायचं?" आई म्हणाली. "हळद तर दवाच हाय. कुठं वरबाडलं-बिरबाडलं तर आपोआप लागंल."

दोघींनी माझ्याकडं बघितलं. घरात एकच पदवीधर. मी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "आईचं म्हणणं शास्त्रीय आहे."

(त्या अख्ख्या वर्षात मी माझ्या शिक्षणाचा एवढाच उपयोग केला.)

रेखानं मशिनवर पिशवी शिवली. गळ्याला परकराची नाडी ओवली. पायांच्या भोकांचं माप आईनं सांगितलं, कोकराच्या अंदाजानं. त्यामुळं पहिल्या प्रयोगात खडूचं मुंडकं गळ्यातून न येता पायाच्या भोकातून आलं, आणि तो पोत्यासकट अंगणात दोन फेऱ्या मारून आला. कोंबड्या छपरावर चढल्या त्या दुपारपर्यंत खाली उतरल्या नाहीत. भोकं टाचून लहान केली. दुसऱ्या प्रयोगाआधी मी सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून काढल्या आणि भिंतीला चिकटवल्या.

"पायरी एक," मी वाचलं, "मांजरास प्रेमाने हाक मारावी."

"ये मेल्या!" आई म्हणाली.

आणि काय सांगू, जमलं! खडू पिशवीत, मुंडकं बाहेर, दुपट्यात गुंडाळलेल्या लेकरासारखा माझ्या मांडीवर. रेखानं एकेक पंजा भोकातून काढला, बोटानं हलकंच दाबून नख बाहेर आणलं, आतला गुलाबी भाग सोडून पुढचं टोक तेवढं कापलं. एक पंजा झाला. दोन झाले. कानात थेंब घालताना तेवढी त्यानं मान झटकली आणि तेलकट औषध आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडालं, पण गोळीसुद्धा गेली. आईनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला पदवीदान समारंभ आठवला.

मग आम्ही नाडी सोडली.

पिशवीत खडू घातला होता. बाहेर आला तो झेंडू!

शेपटीच्या टोकापासून गळ्यापर्यंत पिवळाधमक. फक्त मुंडकं पांढरं. कुंपणापलीकडून शांतामामी ओरडल्या, "काय वं, नवरदेवाला हळद लागली व्हय? वरात कवा?"

"साबण आण," मी रेखाला म्हणालो. एक घट्ट पिळलेला फडका, त्यावर जरासा साबण, आणि मी खडूची पाठ पुसायला लागलो. पाठ लाल झाली.

"रगत!" आई किंचाळली. "पोरा, रगत आलं रे!"

मी तिथंच उकिडवा बसलो. डोळ्यांसमोर बाई दिसायला लागल्या. रागावलेल्या नाही, नुसत्या चष्मा पुसत असलेल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"रगत कुठलं, आई?" रेखा शांतपणे म्हणाली. "हळदीच्या डागाला साबण लागला की लालच होतो की. लुगडी धुताना बघितलं न्हाई व्हय?" तिनं साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसलं. लाल गेलं, पिवळं परत आलं. पहिल्यापेक्षा थोडं जास्त. (रेखा दहावी आहे. हे बी.ए.ला नव्हतं.)

"ऊन दाखवा त्याला," आई म्हणाली. "हळदीचा डाग उन्हात उडतो."

म्हणून मी रजा टाकली आणि खडूला घेऊन ओसरीच्या पायरीवर उन्हाला बसायला लागलो. ते दिवस मला अजून नीट खरे वाटत नाहीत. थंडीतलं कोवळं ऊन, समोर हळदीच्या शेतातली रुंद पानं वाळत वाळत सोनेरी झालेली, रस्त्यावरून आखाडा बाळापूरकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा. मांडीवर एक पिवळं, ऊबदार, घुरघुरणारं ओझं. माझे डोळे मिटायचे. मला दिसायचं, बाई फळ्यावर लिहून राहिल्यात आणि त्यांच्या हातातला खडू हळूहळू पिवळा होतोय, आणि अख्खा वर्ग माझ्याकडं वळून बघतोय. मी दचकून जागा व्हायचो. खडूही एक डोळा उघडून माझ्याकडं बघायचा आणि परत मिटायचा. असला अपराधी माणूस मांडीसाठी बरा, असं त्याचं मत झालं असावं.

ऊन लागून डाग खरंच फिका पडत होता. पण इथं नवीनच भानगड झाली. खडूला पोतं आवडलं! पाचव्या दिवशी औषधाची वेळ झाली तर हा स्वतःहून पिशवीत जाऊन बसलेला, मुंडकं बाहेर, एक पंजा भोकातून पुढं काढलेला. सकाळी उन्हात जेवढा पांढरा व्हायचा, तेवढाच दुपारी पोत्यात झोपून पिवळा व्हायचा. रेखानं गुपचूप नवीन कापडाची पिशवी शिवली. खडूनं ती हुंगली, आमच्या तिघांकडं एकेकदा बघितलं आणि जाऊन पत्र्यावर बसला. संध्याकाळचं औषध चुकलं. दुसऱ्या दिवशी कान परत लाल. आम्ही मुकाट्यानं हळदीचं पोतं आणलं. आता दोनच गोष्टी हातात होत्या. बरा बोका किंवा पांढरा बोका.

आठव्या दिवशी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बाईंनी व्हिडिओ कॉल केला. "खडूला दाखव रे. त्याला बघितल्याशिवाय मी उद्या टेबलावर झोपणार नाही."

मी रेखाकडं बघितलं. रेखानं आईकडं. आई देवघराकडं. बाईंना खरं कळलं तर त्या पहिल्या गाडीनं परत येणार, आणि डोळा पुढच्या वर्षावर जाणार. मी मोबाइल खडूसमोर धरला.

बाईंनी चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला.

"कान छान भरून आलाय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पण हा पिवळा दिसतोय का रे?"

मी मोबाइल चटकन माझ्याकडं वळवला.

"जाऊ दे," बाई स्वतःच म्हणाल्या. "या डोळ्याला हल्ली सगळंच पिवळट दिसतं. बघ ना, तुझा शर्टसुद्धा पिवळाच दिसतोय."

शर्ट पिवळाच होता.

"व्हय, बाई," मी म्हणालो.

ऑपरेशन झालं. तीन दिवसांनी बाईंच्या लेकीचा फोन आला. "दादा, आई म्हणते, भिंत इतकी पांढरी असते हे मी विसरूनच गेले होते! सारखी चादर बघते, दूध बघते. रविवारी तिला घरी आणते. म्हणते, आता सगळ्यात आधी मला माझा खडू डोळे भरून बघायचाय."

मी फोन ठेवला. खडू पोत्यात होता.

दोनदा बाईंना फोन लावला, दोनदा त्यांचा आवाज ऐकून "तब्येत कशी आहे" एवढंच विचारून ठेवून दिला. बाईंना खरं सांगायचं तर मला लिहूनच सांगता येतं, तशी त्यांनीच सवय लावलीय. म्हणून बसलो आणि लिहिलं. बुधवारी पोस्टात टाकलं, बाईंनी खडूला बघायच्या आधी पत्र नांदेडला पोचावं म्हणून. ते पत्र असं:

तीर्थरूप विमलबाई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहावं, हे तुम्हीच शिकवलं. तरी तेच लिहितो आहे. हवा तर अर्धा गुण कापावा.

डोळ्यांना ताण नको, म्हणून हे पत्र ताईंनी वाचून दाखवावं.

बाई, तुमचं ऑपरेशन उत्तम झालं आहे. हे मुद्दाम आधी लिहितो, कारण रविवारी खडू समोर आला की तुम्हाला ते खरं वाटणार नाही. तो पिवळा दिसेल. कृपा करून डोळा तपासायला परत नांदेडला जाऊ नये. डोळा निर्दोष आहे. दोष तुमच्या विद्यार्थ्याचा आहे. त्यानं बोका न धुतलेल्या हळदीच्या पोत्यात घातला, आणि तसं करणं शास्त्रीय आहे असं सांगितलं.

खडूचा कान पूर्ण बरा आहे. अठराही नखं कापली, एकातूनही रक्त आलं नाही. माझ्या हातांचं मी म्हणत नाही.

त्या दिवशी फोनवर तुम्ही डोळ्याला दोष दिलात आणि मी "व्हय" म्हणालो. तुम्ही ऑपरेशन सोडून याल याची भीती वाटली. तुम्ही एकदा माझ्यासाठी शिवारात चालत आला होतात. मला तुमच्यासाठी एक बोका पांढरा ठेवता आला नाही.

आई म्हणते, उन्हात महिनाभरात रंग उडेल. तोवर खडूला ओळखण्याची खूण म्हणजे त्याचं मुंडकं पांढरं आहे. मला ओळखण्याची खूण म्हणजे माझं तेवढंही पांढरं नाही.

आपला आज्ञाधारक,
मारोती

ता. क. हा कागदही पिवळा दिसेल. तोही डोळ्याचा दोष नाही. मी लिहीत असताना खडू येऊन कागदावर बसला आणि त्याला उठवण्याची माझी हिंमत झाली नाही. टापटिपीचे गुण त्याचे कापावेत, माझे साडेसहा तसेच राहू द्यावेत.