अर्ध्या सुताचं भांडण

फोन आला तेव्हा मी टेबलाखाली उताणा पडलो होतो. सत्तरीला टेकलेला निवृत्त गणित शिक्षक भरदुपारी स्वतःच्या घरात टेबलाखाली काय करत होता, ते पुढे येईलच. हातात पातळ सुरी, छातीवर जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्याचे तुकडे, आणि फोन तिकडे खिडकीत वाजतोय. मी सरपटत बाहेर येईपर्यंत दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला तर चिखल्याहून कुमुदवहिनी. "मास्तर, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग, "जेवून आडवे झाले होते... चहा घेऊन उठवायला गेले, तर..." अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी म्हणालो, "अहो, पण आमचं प्रदर्शन आहे!" या वाक्याची मला अजून लाज वाटते. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "हो ना. त्यांनीही आधी तेच म्हटलं असतं."

विद्याधर चुरी यांना जाऊन आता सहा आठवडे होतील. डहाणूत त्यांना सगळे 'कवळीवाले चुरी' म्हणायचे. डॉक्टर मापं घेऊन पाठवायचे आणि चुरी चिखल्याच्या आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो माझ्या वरच्या चार दातांपायी. नवी कवळी टोचत होती, डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून थेट कारागिराचंच दार वाजवलं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले होते आणि त्या जबड्यांच्या मधोमध, वितीएवढा, रेल्वेचा एक डबा. खिडक्यांना गज, दाराला पायऱ्या, सगळं. मी तोंड उघडं ठेवूनच विचारलं, "हे काय?" चुरी कानस चालवता चालवता म्हणाले, "डबा. इंजिन आतल्या खोलीत आहे. बघायचंय?" अख्ख्या तालुक्यात छोट्या गाड्यांचं वेड असलेला मीच एकटा, अशी माझी पक्की समजूत होती आणि तिचा मला थोडा माजही होता. तो त्या दिवशी उतरला. कवळी परत बसवताना त्यांनी विचारलं, "आता?" मी म्हणालो, "किंचित, केसभर." ते खूश झाले. "केसभराचा फरक जिभेला कळतो, मास्तर. चाकालाही कळतो."

आमच्या तलासरीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर डहाणू नाहीतर उंबरगाव गाठावं लागतं. हे मी त्यांना तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर पुढच्याच रविवारी चुरी कागदावर रेघ ओढून हजर. डहाणूहून निघायचं, कैनाडवरून जायचं आणि तलासरी. "कोणी आणत नाही ना? आपण आणू," म्हणाले. वाटणीही त्यांनीच केली. डहाणू ते कैनाड त्यांच्याकडे, कैनाडच्या पुढचं तलासरीपर्यंत माझ्याकडे. दोघांनी आपापल्या घरी आपापलं टेबल बांधायचं आणि डिसेंबरात डहाणूच्या शाळेच्या हॉलमध्ये आम्हा पाच-सहा छांदिष्टांचं प्रदर्शन भरतं, तिथं दोन्ही टेबलं जोडायची. नियम दोनच. एकमेकांच्या टेबलाला हात लावायचा नाही. आणि गाडी डहाणूहून सुटली की तलासरीला पोचेपर्यंत तिलाही हात लावायचा नाही.

काय सुंदर डहाणू केलं होतं त्या माणसानं! दातांच्या मापाला लागणाऱ्या पिवळ्या प्लास्टरचे डोंगर, तुळशीच्या वाळक्या काड्यांची चिकूची वाडी, खराट्याच्या काड्यांचे ताड. माझी तलासरी त्यापुढे वर्गातल्या तक्त्यासारखी दिसायची, हे मी त्यांच्या हयातीत कधी कबूल केलं नाही. त्यांचा आणखी एक खाक्या होता. समुद्राची हवा रुळांवर बसते, मग वीज नीट जात नाही आणि गाडी अडखळते. म्हणून गाडी सोडण्याआधी प्रत्येक रूळ स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचा. फडकी म्हणजे वहिनींच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन. बघायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक चौकोन ठेवायचे. "आधी पुसा, मग बघा." एकदा एक मोठे साहेब उद्घाटनाला आले, तर त्यांच्याही हातात फडकं दिलं. साहेबांनी कोट सावरत वीतभर रूळ पुसला. चुरी वाकून म्हणाले, "तिथं राहिलंय."

तर, अकरा प्रदर्शनं झाली आणि अकराही वेळा गाडी कैनाडला अडली. दोन टेबलं जिथं जुळायची तिथं एकाचा रूळ वर, दुसऱ्याचा खाली. फार नाही, सुताराच्या मापानं अर्धं सूत. पण चाकाला तेवढं पुरतं. गाडी एकतर आपटून उतरायची, नाहीतर पायरीला टेकून नुसतीच गुरगुरत राहायची. ऐनवेळी टेबलाच्या पायांखाली कागदाच्या घड्या कोंबून बघायचो, पण गर्दीच्या धक्क्यानं त्या सरकायच्या. शेवटी कोणीतरी बोटानं ढकलायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. आम्हा दोघांना त्या टाळ्या झोंबायच्या. "मास्तर, तुमची तलासरी वर आलीय," असं चुरी चारचौघांत म्हणायचे. मी म्हणायचो, "तुमचं डहाणू समुद्रात बसतंय, त्याला मी काय करू?" एका वर्षी त्यांचं वर, तर दुसऱ्या वर्षी माझं. मी चिखल्याच्या दमट हवेला दोष द्यायचो, ते माझ्या लाकडाला. दोघांपैकी एकानंही 'माझं चुकलं' म्हटलं नाही. कैनाडहून एक म्हातारी दर वर्षी नातवंडांना घेऊन यायची, ती तेवढी खूश असायची. "आमचे कैनाडला थांबं हां गाडी! बाकीचे कोनी थांबवत नाय," असं सगळ्यांना सांगत फिरायची. चुरी तिला हात जोडून म्हणायचे, "आजी, थांबवत नाही हो, थांबतेय!"

आता टेबलाखालची गोष्ट. चारचौघांत मी कितीही ताठ राहिलो तरी घरी आल्यावर मला चैन पडायचं नाही. एवढा कसबी माणूस, त्याचं माप कशाला चुकेल, माझंच चुकलं असणार, असं वाटायचं. मग पुढच्या प्रदर्शनाआधी मी गुपचूप माझ्या टेबलाच्या चारही पायांखाली हजेरीपटाचा एकेक जाड पुठ्ठा चिकटवायचो, किंवा चिकटवलेला काढायचो. बरोबर अर्धं सूत. चुरींना हे कळू द्यायचं नाही, असा माझा हट्ट होता. एकदा गाडी गेली, की मग छाती काढून म्हणायचं होतं, "बघा, माझं आधीपासूनच बरोबर होतं." मागच्या डिसेंबरात माझी बाजू वर होती. म्हणून फोन आला त्या दुपारी मी पुठ्ठा काढत होतो. चारातले तीन निघाले होते. चौथा मी त्यांना पोचवून आल्यावर, तिसऱ्या दिवशी काढला. का काढला, कोणासाठी, ते विचारू नका. काम अर्धं ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

महिन्याभरानं वहिनींचा पुन्हा फोन आला. "मास्तर, त्या टेबलावर मी चादर टाकून ठेवलीय. रोज तिथनं जाते-येते. मला काही ते असं झाकलेलं बघवत नाही. एकतर मांडा, नाहीतर मोडा." मी म्हणालो, "मांडू." दुसऱ्याच दिवशी टेम्पोत माझी तलासरी घालून चिखलं गाठलं. टेम्पोवाल्यानं आणि मी टेबल आत आणून चुरींच्या टेबलाला भिडवलं. मी सवयीनं थेट इंजिनाकडे हात नेला, तर वहिनींनी माझ्यासमोर साडीचा चौकोन धरला. "आधी पुसा." आम्ही दोघांनी सगळे रूळ पुसले. त्यांनी डहाणूपासून, मी तलासरीपासून. कैनाडला समोरासमोर आलो तेव्हा माझं फडकं काळं झालं होतं आणि समोरचं धड दिसत नव्हतं. मग वहिनींनी रेग्युलेटर फिरवला. गाडी डहाणूहून सुटली, चिकूच्या वाडीतून वळली, डोंगराला वळसा घालून कैनाडला आली... मी बोट पुढे काढून तयार होतो. गाडी सांध्यावरून 'टक' असा एकच आवाज करून पलीकडे गेली आणि थेट तलासरीला जाऊन उभी राहिली.

टेम्पोवाला टाळ्या वाजवायला लागला. मला मात्र काही कळेना. गणिताच्या मास्तरला उत्तर बरोबर आलं तरी रीत कळल्याशिवाय समाधान नसतं. गुडघे धरत मी चुरींच्या टेबलाखाली शिरलो. चारही पायांच्या तळाला गुलाबी चकत्या चिकटवलेल्या होत्या. कवळीच्या हिरड्या ज्या मसाल्याच्या करतात, त्याच्या, कानशीनं घासून सारख्या केलेल्या. आणि फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं, त्यांच्या त्या बारीक अक्षरात, एकाखाली एक ओळी होत्या. 'मास्तर वर. एक चढवली.' 'मास्तर खाली. एक उतरवली.' 'मास्तर वर. एक चढवली.' अशा दहा. म्हणजे ते माझ्यासाठी वर यायचे तेव्हा मी त्यांच्यासाठी खाली गेलेलो असायचो, आणि पुढच्या वर्षी बरोबर उलटं. अकरा वर्षं दोघंही चोरून एकमेकांचं ऐकत होतो आणि हॉलमध्ये उभं राहून भांडत होतो. अकरावी ओळ वेगळी होती. 'मास्तर वर. एक चढवायची आहे.' मी बाहेर येऊन वहिनींना दाखवलं. त्यांनी चुरींच्या कामाच्या टेबलाचा खण उघडला. प्लास्टरच्या एका जबड्याशेजारी चार चकत्या, घासून, पुसून तयार ठेवलेल्या. चारचौघांत कधी न रडलेला मी त्या टेम्पोवाल्यासमोर हुंदके देऊन रडलो. रडण्यात रागही होता. एकदा तरी तोंडानं म्हणायचं होतं हो चुरी. मीही म्हणायला हवं होतं.

वहिनींनी विचारलं, "लावायच्या का?" मी म्हणालो, "नाही. आता त्यांचं टेबल आहे त्याच उंचीवर राहणार आणि माझंही." गाडी जावी म्हणून आम्ही दोघं अकरा वर्षं वर-खाली होत राहिलो आणि दोघांतला एक थांबला तेव्हा ती गेली. मला ती अशी जायला नको होती. पण जाते आहे, तर येत्या डिसेंबरात ती सगळ्यांसमोर जाईल. कोण काय म्हणेल, याचा विचार मी करणार नाही. डहाणूकडचा रेग्युलेटर वहिनी सांभाळणार आहेत, रोज दुपारी त्यांचा सराव चालू आहे. कैनाडला त्या गाडी मिनिटभर थांबवतील, त्या आजींसाठी, हात न लावता. चुरींच्या टेबलाची आतली फळी मी रंगवू दिलेली नाही. चारपैकी एक चकती वहिनींनी मला दिली. चष्म्याच्या घरात ठेवली आहे, त्यामुळे वाचायला बसलं की आधी ती हातात येते. परवा तिची जाडी मोजली. बरोबर अर्धं सूत. केसभरसुद्धा फरक नाही.