भुताळीची चढाई

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा आमच्या चाळीसमोर नुसती भातशेती होती. शेतांपलीकडे कोपरच्या बाजूला मिठागरं. चाळ चार-सहा बिऱ्हाडांची, मालक तिथलेच जुने शेतकरी. यजमान कल्याणपलीकडे मोहन्याच्या कारखान्यात कामाला होते. ते सकाळी डबा घेऊन निघाले, की मला दिवसभर बोलायला माणसं लागत. ती विहिरीवर मिळाली.

मी रत्नागिरीकडची. शेजारच्या वहिनी साताऱ्याकडच्या, उंचपुऱ्या, खणखणीत आवाजाच्या. आणि रोज भाजी घेऊन येणारी घरमालकाची विधवा आत्या. तिला सगळी चाळ आत्याच म्हणायची. पावसाळ्यात काकड्या आणि पडवळं, थंडीत वालाच्या शेंगा. तिचा एक डोळा थोडा तिरळा होता आणि हसणं असं, की पलीकडच्या बांधावरची गुरं मान वर करून बघत. पाटी उतरवायच्या आधीच तिची हाक यायची, "काय गो, काय रांधलंस?" आणि उत्तराची वाट न बघता ती झाकण उचलून बघायची. मला आधी राग यायचा. पुढे ती आली नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

त्या वर्षी भातकापणीच्या सुमाराला मालकाच्या चुलतभावाची म्हैस अचानक आटली. त्याने गावच्या भगताला बोलावलं. भगत म्हणजे बुटका, पांढऱ्या मिशांचा, पान खाणारा म्हातारा. एरवी तो साधा माणूस. मुलांना चिंचा द्यायचा. पण सुपात तांदूळ टाकून दाणे बघायला बसला, की त्याचा आवाज बदलायचा. त्याने दाणे बघितले आणि सांगितलं, "भुताळीची नजर हाय. घर विहिरीजवल." भुताळी म्हणजे चेटूक करणारी बाई. विहिरीजवळ घर एकच, आत्याचं.

त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही पडली नाही. आठवड्याभरात बायका तिची शेंग घेईनाशा झाल्या. ती विहिरीवर आली, की पोरांना पदराखाली ओढायच्या. मी तिला न राहवून विचारलं, "आत्या, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना गो," ती म्हणाली. "पन मी आले का बाया बाजूला व्हतात. पान्याला नंबर लावाया लागत नाय." आणि तिचं ते मोठं हसणं हसली. मग पाटीच्या कडेवर बोट फिरवत जरा हळू बोलली, "माझे मावशीला असंच बोलले व्हते. रातोरात गाव सोडलं तिनं. परत नाय आली."



दुसऱ्या दिवशी विहिरीवर हाच विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, आमच्या गावचा भगत नुसतं धुणं हुंगून भुताळी ओळखतो. लगेच दुसरी म्हणाली, हुंगायचं कशाला, आमच्याकडे तर बाई समोर न आणता ओळखतात. साताऱ्याच्या वहिनी कळशी खाली ठेवून ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या पलीकडच्या गावात एकाच जत्रेत तीन काढल्या होत्या!" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान, जणू गावाने कुस्तीचा फड मारलाय. मीही मागे राहिले नाही. आमच्या खाडीपलीकडच्या एका भुताळीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सांगता सांगता मलाच हसू फुटलं.

"वहिनी," मी म्हटलं, "आपण गुण तरी लिहून ठेवू या. कुणाचं गाव जिंकतंय ते कळेल."

वहिनी आधी रागावल्या. मग त्यांचाही ओठ हलला. मग आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसून पोट धरून हसलो. बाकीच्या बायकांना वाटलं, आम्हालाच काहीतरी बाधलंय.

महिला मंडळाचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. दरवर्षी तेच स्वागतगीत आणि तीच पौराणिक नाटिका. मी बसून एक प्रहसन लिहिलं. त्यात वरची आळी आणि खालची आळी भुताळी शोधण्याचा सामना खेळतात. मैदान हुतुतूचं. दोन्ही संघांचे कप्तान भगत. मधोमध शिट्टी घेतलेला पंच. म्हैस आटली तर एक गुण, पोराला ताप आला तर दोन, आणि बाईने भीतीने कबूल केलं तर अख्खा डाव. शेवटी कुणीतरी म्हशीच्या पोटावरून हात फिरवून सांगतं, की अहो, ही गाभण आहे, म्हणून आटली. आणि दोन्ही संघ तोंड लपवून पळतात. पंच अर्थातच साताऱ्याच्या वहिनी. त्यांचे यजमान शाळेत ड्रिल मास्तर, त्यामुळे खरीखुरी शिट्टीही मिळाली.

अडलं भुताळीपाशी. एकीच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, एकीच्या सासूबाईंना चालणार नव्हतं, एकीचा गळा बसला. आमची तालीम चाळीच्या अंगणात चालली होती. आत्या पाटी घेऊन आली आणि कट्ट्यावर बसून ऐकत राहिली.

"कोन पायजे तुमाला?" तिने विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी घाबरत घाबरत सांगितलं.

"मंग मी करतंय की," आत्या म्हणाली. "मना शिकवाया नको. गाव सहा हफ्ते शिकवतंय."

वहिनींच्या तोंडातून शिट्टी पडली.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "लोक हसतील आत्या. तुम्हालाच हसतील."

"हसूदे ना. घाबरतात त्यापेक्षा बरं."

कार्यक्रम दुपारी उन्हं उतरल्यावर, कापणी झालेल्या शेतात. पुढे बायका आणि मुलं सतरंजीवर, मागे पुरुष उभे. म्हशीचा मालकही आला होता. आणि अगदी पुढे, खास खुर्चीवर भगत! त्याला कुणी काय सांगून आणलं होतं देव जाणे.

वहिनींनी शिट्टी फुंकली. वरच्या आळीचा भगत झालेल्या बाईने सुपात दाणे टाकले, लोक खुसुखुसु हसायला लागले. गुण मोठ्याने पुकारले जाऊ लागले तशी पोरंही ओरडायला लागली, "दोन गुण! दोन गुण!" मग आत्या आली. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, कपाळाला राख. पुढची पोरं मागे सरकली. मागे एक पोर रडायला लागलं.

आता आत्याने घाबरून मैदानभर पळायचं आणि खालच्या आळीने तिला धरायचं, असं मी लिहिलं होतं. आत्याने मधल्या रेषेवर पाय रोवला, छाती भरून दम घेतला आणि "हुतुतुतुतु" करत सरळ खालच्या आळीत घुसली. बायकांना काय करावं कळेना. त्या तिला धरायला गेल्या, तर ती कुणाच्या खांद्याला, कुणाच्या कमरेला हात लावून सुटली. दम न सोडता परत रेषेवर! पूर्ण संघ बाद. लहानपणी भावांबरोबर ती मिठागराच्या बांधावर हुतुतू खेळायची, हे तिने मागाहून सांगितलं.

लोकांनी असा गलका केला, की वहिनींची शिट्टी ऐकूच येईना. तेवढ्यात भगत खुर्चीवरून उठला.

"ह्ये चुकलं!" तो ओरडला. "दाने असं नाय टाकत! आनि तिचा दम मधी तुटला, म्या आयकलं!"

"नाय तुटला," आत्या म्हणाली.

"तुटला!"

"मंग ये, तूच धर मना."

आणि तो म्हातारा खरंच पान थुंकून, धोतर खोचून मैदानात उतरला. गुडघे वाकवून, हात पसरून उभा राहिला. आत्या चढाईला गेली. तो डावीकडे झेपावला, ती उजवीकडून गेली आणि जाता जाता त्याच्या गुडघ्याला टिचकी मारली. पंचांनी शिट्टी वाजवून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "भगत बाद!"

तो तिथेच मातीत फतकल मारून बसला. आधी धापा टाकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. आत्याने हात देऊन त्याला उठवलं. म्हशीच्या पोटाबद्दलचं माझं शेवटचं भाषण तसंच राहिलं, कारण ऐकायला कुणी जागेवर नव्हतंच. सगळी पोरं आत्याभोवती होती, मघाशी रडलेलंसुद्धा.

भगताचं दाणे बघणं काही त्या दिवसापासून थांबलं नाही. पण तो सुपापुढे बसला, की कुंपणाबाहेरून पोरं ओरडायची, "किती गुण, बाबा?" आणि त्याचा तो बदललेला आवाज काही लागायचा नाही. हळूहळू तो ताप-खोकल्याचे पाले देण्यापुरताच उरला, आणि ते तो चांगले देत असे. म्हशीचं काय झालं, ते आमच्या नाटकासारखं घडलं नाही. ती गाभण नव्हती. तिच्या मालकाने ती कल्याणच्या बाजारात विकली आणि नवी आणली. पण त्याची बायको पुन्हा आत्याकडून शेंगा घ्यायला लागली, आधी लाजत, मग घासाघीस करत. घासाघीस सुरू झाली तेव्हा आत्या मला डोळा मारून म्हणाली, "आता बरं वाटलं बघ."

पुढे ठाण्याच्या एका मंडळाने प्रयोगाला बोलावलं. आत्या हिरवं लुगडं नेसून निघाली खरी, पण भुताळी व्हायला साफ नकार दिला. "तिथं मना कोन वलखतंय? तिथं मी पंच व्हनार." वहिनींनी तोंड वाकडं करत शिट्टी तिच्या हातात दिली. आणि राख लावायची पाळी माझ्यावर आली. मी पहिल्याच झटक्यात पकडले गेले. आत्याने शिट्टी इतका वेळ फुंकली, की शेवटी प्रेक्षकांतल्या एका वकिलाने उठून 'आता पुरे' म्हणून हात जोडले.