बंद पडणारं मशीन

यवतच्या स्टँडसमोर एक गृहस्थ कॉलेजचे फॉर्म भरून देतात. कुणाचेही मार्क ते आपलेच समजून बोलतात: “आपल्याला केमिस्ट्रीत कमी पडले.” दुकानात झेरॉक्सचं मशीन आहे, पण मुलीबरोबर बाप आला की ते बंद पडतं. माझ्या वेळीही पडलं. माझ्या वडलांना, आप्पांना, गावाजवळचंच कॉलेज हवं होतं.

“मामा, दाखल्याची झेरॉक्स तेवढी बाहेरनं आणा,” ते गृहस्थ आप्पांना म्हणाले.

आप्पा गेल्यावर स्क्रीनवरची नजर न काढता त्यांनी मला विचारलं, “आता बोल, आपल्याला कुठं जायचंय?”

मी पुणं म्हणाले. आप्पा परतले तेव्हा फॉर्म लॉक झाला होता. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा धाकट्या बहिणीला घेऊन आम्ही गेलो. त्या गृहस्थांनी तोंड उघडायच्या आत आप्पाच उठले.

“मशीन बंद असंल तुमचं. मी आणतो झेरॉक्स.”

मशीन चालू होतं.