रिजेक्ट नाही, रिवर्क

१८ जानेवारी. परवाच्या नृत्याच्या कार्यक्रमाचे फोटो निवडायला बसले आणि पहिलाच फोटो मोठा करून पाहताना तोंडातून निघालं, "पास." हा शब्द माझा नाही, शेजारच्या ठोंबरेकाकांचा.

काकांनी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात जन्मभर तयार माल तपासला. निवृत्तीनंतरही तपासणी सुटली नाही. त्यांच्या लेखी जगात तीनच प्रकार: पास, रिजेक्ट आणि रिवर्क, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा तपासायचा. माझे पोहे बहुधा रिवर्क असत. त्यांचा जावईसुद्धा.

मी स्टेजवरच्या नाचाचे फोटो काढते. फ्लॅश चालत नाही, विंगेत स्टँडला जागा नसते, त्यामुळे जड झूम लेन्स हातातच धरावी लागते. गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. त्यात नव्या, जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर जुन्या लेन्सचे फोटो धूसर यायला लागले. तशीच पण नवी झूम घ्यावी की कामच सोडावं, हे विचारायला काकांना बोलावलं. फोटोग्राफी त्यांचा जुना नाद.

आल्या आल्या त्यांनी तूरडाळ मागितली. कॅमेरा आणि झूम मिळून होईल तेवढी, दोन किलोंच्या वर, पिशवीत बांधली, मोबाइलवर एक भजन लावलं आणि पिशवी डोळ्यापाशी धरून उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या कडव्यातच माझा हात थरथरला.

"लेन्सला काहून बोलून राहिली? हात हलते तुझा," काका म्हणाले. "हा कॅमेरा चुगलखोर आहे, बेटा. जुना झाकून घेत होता, हा सगळं सांगते."

मग त्यांनी अर्धा किलो डाळ काढली. भजन संपलं, हात स्थिर होता. एवढ्या वजनात १३५ मिलिमीटरची, झूम नसलेली लेन्स बसत होती. ती झूमच्या दुपटीहून जास्त उजेड घेते. पण लांबच्या नर्तकीचं काय, मी विचारलं.

"फोटो नंतर काप. एवढे मेगापिक्सेल, कापड भरपूर आहे तुझ्यापाशी."

दुकानातून एकाच कंपनीच्या दोन लेन्स तपासायला आणल्या. काकांनी भिंतीवर छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून फोटो काढायला लावले आणि चारही कोपरे वाचले. पहिलीच्या उजव्या कोपऱ्यात अक्षरं विरघळलेली. रिजेक्ट. दुसरी पास, तीच घेतली. "नाव नको वाचू, नग तपास," हे त्यांचं नेहमीचं.

मी म्हटलं, काका, नग तर माझा खांदाच रिजेक्ट आहे.

त्यांनी चष्मा पुसला. "रिजेक्ट नाही. रिवर्क. व्यायाम कर आणि पुन्हा तपास."

गेल्या महिन्यात ते मुलीकडे नागपूरला कायमचे गेले. जाताना डाळीची पिशवी पुन्हा बांधून खिळ्याला टांगली आणि रोज एक भजन संपेपर्यंत धरायची, असं बजावलं. एका नृत्यशिक्षिकेनं तीन दिवसांच्या महोत्सवाचे फोटो काढायला बोलावलं होतं, तिला द्यायचा होकार मी थांबवला होता. परवाचा कार्यक्रम ही माझी तपासणी होती. आज एकेक फोटो कापून मोठा केला. मागच्या रांगेतल्या मुलीच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या. खांदा थोडा दुखत होता, एवढंच.

१९ जानेवारी. सकाळी नृत्यशिक्षिकेला फोन करून सांगितलं, तिन्ही दिवस येते. मग खिळ्यावरची पिशवी सोडली आणि वरणाला डाळ धुतली.