अंगी न लागलेलं लोह

माझ्या हातचं नवऱ्याच्या अंगी लागत नाही, हे सासूनं शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर सांगून ठेवलं होतं. नवरा गॅरेजमधून घरी यायचा तो पांढराफटक, जिना चढला की धापा टाकायचा. हिमोग्लोबिन कमी. मग मी रोज कलेजी शिजवायची, तो लोहाच्या गोळ्या गिळायचा आणि सासू समोर बसून म्हणायची, धड बायको मिळाली असती तर पोराला रक्त चढलं असतं. तो मान खाली घालून जेवायचा. तिच्यापेक्षा मला त्याचाच जास्त राग यायचा.

शेवटी मीच त्याला रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणीत शरीरातलं लोह कमी निघायच्या ऐवजी भरमसाट निघालं. त्यांनी गोळ्या आणि कलेजी त्याच दिवशी बंद केल्या. मग कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला आणि त्याचा फोटो आम्हाला दाखवला. पेशींच्या मध्यभागाभोवती निळ्या ठिपक्यांची कडी होती. ते ठिपके म्हणजे लोह, आत येऊन नुसतं पडून राहिलेलं. घरात किराणा भरलेला आणि चूल पेटत नाही, तसं. पुढे जनुकांची तपासणी झाली. दोष जन्माचा निघाला, आईकडून मुलात उतरलेला. एका जीवनसत्त्वाच्या गोळीनं फरक पडेल, इन्शाल्ला, असं म्हणून बाई आणखी काही सांगत होत्या, पण माझे कान तिथेच मिटले. मला घरी जायची घाई झाली होती.

सासूजवळ शेजारणी बसल्या होत्या. मी त्यांना उठू दिलं नाही. सगळ्यांना चहा दिला आणि मग म्हणाले, "अम्मी, माझ्या कलेजीत खोट नव्हती. खोट तुमच्या रक्तात आहे. रिपोर्ट आलाय."

सासूचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं.

इतकी वर्षं त्या घरात तोंड न उघडलेला माझा नवरा तेव्हा बोलला. "डॉक्टर पुढे काय म्हणाली तेही सांग. बापाकडून तो दोष प्रत्येक मुलीत जातो. तिला त्रास होईलच असं नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो."

कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या आमच्या लेकीनं मान वर केली. "सो आय हॅव इट टू?"

सासूनं कप खाली ठेवला, नातीला जवळ ओढलं आणि माझ्याकडे बघत शांतपणे विचारलं, "हिच्या सासूला काय सांगशील?"