रांचीतली कोठी कोणाची?

रुखमा वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही गोंड, गाव तुमसरजवळ. धान साठवायच्या मातीच्या कोठ्या ती लिंपते आणि त्यांवर बोटांनी मोर, बैल, मोहाची झाडं उठवते. मी तीस वर्षं राइस मिलमध्ये पोती उचलली. पाठ गेली, पाय शाबूत आहेत. एका कला संस्थेने तिला एकवीस दिवसांसाठी रांचीला बोलावलं, तेव्हा म्हणूनच माती तुडवायला तिने मला नेलं. त्याच दिवसांत रांचीची एक आदिवासी चित्रकार नागपूरला आली होती. अशी ती अदलाबदल.

अट एकच होती. एकविसाव्या दिवशी काम पूर्ण दिसलं, तरच पुढल्या वर्षी आमच्या गावातून दुसरं नाव घेणार. ते नाव वहिनीची सून दामिनी. निघताना दामिनीने सासूच्या पदरात मूठभर धान बांधून दिलं होतं.

तिथली माती लाल. वहिनीने चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकली.

"भुसभुशीत हाय. तूस जास्त लागते."

माती आणि धानाचं तूस भिजवून आठ दिवस मुरवावं लागतं. रोज दोनदा तुडवायचं. सकाळी हॉल झाडणारी बाई आमच्या चिखलाभोवतून झाडू फिरवायची. संस्थेची रिता, नागपूरची पोरगी, रोज घड्याळ बघायची.

"मावशी, काम कधी सुरू करणार?"

"मंग हे भाऊजी काय नाचून राहिले का?"

नवव्या दिवशी कोठीची भिंत धरली. रोज एक वीत, जास्त नाही; घाई केली की खालचा थर बसतो. सहा दिवसांत कोठी छातीपर्यंत आली. पुढचे सहा नक्षीला गेले. एकविसाव्या दिवशी मी तीन फेऱ्या मारून पाहिलं. भेग नव्हती.

रिता मात्र खाली वाकली. "मावशी, हे भोक राहिलं."

"राहिलं नाई, ठेवलं."

धान काढायचं ते भोक; एरवी मातीच्या गोळ्याने बंद असतं. आमच्याकडे कोठी लिंपणारी ते बुजवत नाही. ज्या घरची कोठी, त्या घरची बाई आत मूठभर धान टाकते आणि आपल्या हाताने बुजवते. तोवर कोठी पुरी झाली असं कोणी म्हणत नाही.

"मग ही कोणाच्या घरची?" रिताने विचारलं. हाच प्रश्न मलाही वीस दिवस पडला होता. "मोठ्या साहेबांना बोलावू?"

"त्याईचा हात या जमिनीले कधी लागला?"

"मी बुजवू?"

"तू तं आमच्यासारखी पावनी, पोरी."

काम बघायला पाहुणे चारला येणार होते. साडेतीन वाजले. मी म्हणालो, "वहिनी, दामिनीचा तरी विचार कर. लाव गोळा."

"तिचाच करून राहिली. खोटी कोठी दाखवून तिले पाठवू का?"

तेवढ्यात ती झाडणारी बाई शेवटचा झाडू मारायला आली. वहिनी तिच्याकडे बघत राहिली.

"बाई, ये घर कौन झाडता?"

"मैं ही। ग्यारह साल से।"

"नाम क्या?"

"सुगनी।"

वहिनीने पदराची गाठ सोडली आणि धान तिच्या तळहातावर ठेवलं. काय करायचं ते खुणेने सांगितलं. सुगनीने एकदा रिताकडे पाहिलं. रिताने होकाराची मान हलवली. मग सुगनीने हात साडीला पुसला, धान आत सोडलं, गोळा दाबला. इथवर कोणीही केलं असतं. पण तिने बोटं पाण्यात बुडवून कडेने फिरवली, आतून बाहेर, आणि जोड नाहीसा केला.

"तू तं लिंपते वो!" वहिनी हिंदी विसरली.

"माँ की कोठी थी," सुगनी हसली.

पाहुणे आले तेव्हा तेवढा तुकडा ओला, गडद दिसत होता. रिताने कागदावर 'पूर्ण' लिहिलं आणि तो वहिनीला दाखवला. तिला वाचता येत नाही. मी वाचून सांगितलं.

संध्याकाळी दामिनीचा फोन आला. पुढल्या वर्षीचं तिने विचारलंच नाही.

"आत्या, भोक कोनं बुजवलं?"

"घरवालीनं," वहिनी म्हणाली.