फाटकाशी विचारायचा प्रश्न

दूध गॅसवर ठेवून गंधकवाले काका रेडिओशी वाद घालत होते. हवामान सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, दुपारी ऊन तापेल. "नवीन काय सांगितलंत?" काका म्हणाले. घरात बोलणारं तेवढंच उरलं होतं, आणि तेही यांचं ऐकून घेत नव्हतं.

दार वाजलं. आपल्याकडे कोण येणार, म्हणून काका आधी हललेच नाहीत. पुन्हा वाजलं आणि ते उठेपर्यंत दूध उतू गेलं.

पायरीवर द्राक्षबागेची मालकीण उभी. हातात करपलेली फांदी.

"काका, परवा गंधक धुरळलंत की निखारे?"

काकांनी पान उलटून पाहिलं. भुरी रोगाचा पांढरा थर गेला होता, पण पानही गेलं होतं.

"ताई, तेल कधी मारलं होतंत?"

"मागच्या आठवड्यात, विहिरीकडच्या ओळींवर. किडीसाठी. तुम्ही विचारलंच नाहीत!"

काका फांदी घेऊन पायरीवर बसले. तेल मारलेल्या वेलीवर काही आठवडे गंधक पडू द्यायचं नाही, पान भाजून निघतं, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण विचारणं हे त्यांचं काम कधी नव्हतंच. ते तोंडाला फडकं बांधून पाठीवरच्या धुरळणी यंत्राचे पट्टे आवळायचे, तोवर काकू फाटकाशी मालकांची उलटतपासणी घ्यायच्या. तेल कधी मारलं, पाणी कधी दिलं, धाकटीचं लग्न कधी करताय. लोक वैतागायचे, हसायचे, पण सगळं सांगायचे. काकू गेल्या आणि फाटकाशी कुणी थांबेनासं झालं. गंधकाच्या वासापायी लोक लांबूनच हात करत, काकाही हात करून आत शिरत.

"घड?" त्यांनी विचारलं.

"घड वाचलेत. पण घरातले म्हणतात, आता गंधकाचं काम ट्रॅक्टरवाल्यालाच सांगा."

"सांगा की. चूक माझीच आहे," काका म्हणाले खरे, पण फांदी काही हातातून सुटेना.

ताई पायरीवर टेकल्या. वासाने नाक चोळलं, पण उठल्या नाहीत. "तो भर्रकन येतो नि जातो, वेलीकडे ढुंकून बघत नाही. मला तुम्हीच हवे आहात हो. पण पुन्हा असं झालं, तर घरात माझं कोण ऐकणार? काय करू, तुम्हीच सांगा."

काकांनी फांदी खाली ठेवली.

"मी आलो की तुम्ही फाटकाशी या," ते म्हणाले, "आणि तेल कधी मारलं, ते मी विचारलं नाही तरी सांगा."